तारुण्यपीटिका आणि एक जुना नियम

मराठी शिकवणाऱ्या माणसाला शब्दांचा मोह फार. 'तारुण्यपीटिका' हा शब्द मला नेहमीच गोड वाटत आला. सुश्रुताने याच विकाराला 'मुखदूषिका', म्हणजे तोंड बिघडवणारी, असे रोखठोक नाव दिले आहे. पण आमचे मन 'तारुण्या'पाशीच घुटमळायचे. धाकटीच्या गालांवर सतराव्या वर्षी पुटकुळ्या उठू लागल्या तेव्हा मी हसून म्हणालो, "अगं, वयाचा गुण तो. आला तसा जाईल!" सौ. दोनतीनदा म्हणाली, "अहो, एकदा डॉक्टरांना दाखवू या." मी ते मनावर घेतले नाही. मसुरीचे पीठ, चंदन, शेजारच्या मावशींचा जायफळाचा लेप, असे करता करता दोन वर्षे गेली.

मग नात्यातल्या एका मुंजीत फोटोची वेळ झाली आणि पोरगी कुठे दिसेना. शेवटी कार्यालयाच्या मागच्या अंगाला सापडली. "बाबा, मी नाही येत फोटोत," एवढेच म्हणाली. त्या दिवशी माझ्या शब्दप्रेमाची मला लाज वाटली.

दुसऱ्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू केल्या. 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातले हे औषध अमेरिकेत 1982 साली मान्य झाले. ते त्वचेतील तेलाच्या ग्रंथींना आवर घालते. ओठ फुटतात, कातडी कोरडी पडते. आणि गर्भावर त्याचा भयंकर परिणाम होतो, म्हणून औषध चालू असताना व नंतर महिनाभर गर्भधारणा होता कामा नये, हे त्यांनी आम्हा दोघांसमोर मुलीला स्पष्ट सांगितले. मला ते आवडले. लाजून असल्या गोष्टी दडवण्यात शहाणपण नाही.

चार महिन्यांत पुटकुळ्या मावळल्या. काळसर डागही फिके होऊ लागले. राहिले ते खड्डे. डाग काळाबरोबर पुसट होतात; खड्डे आपोआप भरत नाहीत. त्यात एका परिचितांनी बजावले, "या गोळ्या थांबवल्यावर सहा महिने, वर्षभर चेहऱ्याला हातसुद्धा लावू द्यायचा नाही." हे ऐकून पोरीचे डोळे भरून आले. आणखी एक वर्ष!

मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "सर, नियम होता खरा. पण तो आला कुठून, ते ऐका." 1980 नंतरच्या दशकात या गोळ्या घेतलेल्या मोजक्या रुग्णांची कातडी यंत्राने खरवडली, तेव्हा तिथे जाड, उंचवट्याचे वण आले. त्या धास्तीने सगळ्याच उपचारांना सरसकट थांबा मिळाला. पुढे जमा झालेला पुरावा तज्ज्ञांनी तपासला आणि 2017 साली अमेरिकेतल्या व आपल्या भारतातल्याही त्वचाशल्यतज्ज्ञांनी मत दिले, की सरसकट थांबण्याला पुरेसा आधार नाही. वरवरचे रासायनिक लेप, बारीक सुयांनी टोचून त्वचेला नवे कोलॅजेन बनवायला लावणारा उपचार आणि त्वचेवर ठिपक्याठिपक्यांनी चालणारा फ्रॅक्शनल लेसर, हे गोळ्या चालू असतानाही जाणत्या हातून करता येतात. यंत्राने पूर्ण चेहरा खरवडणे किंवा लेसरने अख्खा वरचा थर काढणे मात्र अजूनही टाळतात. "आणि पार्लरमध्ये वॅक्सिंग नको हं," त्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "कातडीच सोलून निघेल."

खड्ड्यांतही प्रकार असतात, हे मला त्या दिवशी कळले. काही सुईने भोसकल्यासारखे अरुंद नि खोल, काही उभ्या कडांचे डबीसारखे, काही लाटेसारखे. प्रत्येकाचा उपचार निराळा. म्हणून 'अमकीला गुण आला, मग आपणही तेच करू' हे इथे चालत नाही. शिवाय आपल्या सावळ्या कातडीवर लेसर जोरात चालवला, तर नवे काळे डाग पडतात. म्हणून उपचार बेताने, महिन्या-महिन्याच्या अंतराने, आणि उन्हापासून जपून.

सुयांच्या तीन खेपा झाल्या आहेत. गाल आरशासारखे झालेले नाहीत. होणार नाहीत, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. पण खड्डे उथळ झाले आहेत. मला सलते ते एवढेच, की दोन वर्षांआधी उठलो असतो तर यातले कितीतरी पडलेच नसते. आपल्या घरात असे कोवळे गाल असतील, तर 'वयाचा गुण' म्हणून हसण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा.

यंदा नरकचतुर्दशीला धाकटीच्या गालांना उटणे लागणार नाही. रगडणे मना आहे. डोक्याला तेल मात्र मी लावणार आहे. आणि परवा तिनेच विचारले, "बाबा, फराळाच्या वेळी फोटो काढायचा ना?"