तुझे उत्तर किती आले?

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस शांती नगर ही मोठी वसाहत आहे. आमच्या शाळेतून दहावी झालेली काही मुले पुढील शिक्षणासाठी तेथे नातेवाइकांकडे राहतात. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरच्या दिवशी त्यांना भेटावे, म्हणून आम्ही दुपारी तेथे गेलो होतो. पेपर अवघड गेल्याची वार्ता वाटेतच कानावर आली. आमची चार मुले एका इमारतीच्या कठड्यावर प्रश्नपत्रिका मध्ये ठेवून उत्तरे ताडून पाहत होती.

"वळणाच्या गणिताचं तुझं किती आलं?" एकाने विचारले. त्याचे स्वतःचे ९.९ आले होते. दुसऱ्याचे १०, तिसऱ्याचे ३५.६. चौथा बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "माझं ९८ आलं. सर, माझं गेलं. आता केमिस्ट्रीचा पेपर देऊन तरी काय उपयोग?"

आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही त्या मुलांकडूनच ते गणित समजून घेतले. सपाट रस्त्यावरील वळणाची त्रिज्या ५० मीटर, घर्षणगुणांक ०.२; तर गाडीचा कमाल सुरक्षित वेग किती? घर्षणगुणांक, त्रिज्या आणि गुरुत्वीय त्वरण यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढायचे. त्वरण ९.८ घेतले तर गुणाकार ९८ येतो आणि वेग सेकंदाला सुमारे ९.९ मीटर. त्वरण १० धरले तर वेग १०. तोच ९.९ ताशी किलोमीटरमध्ये मांडला तर ३५.६. म्हणजे ज्या तिघांची उत्तरे वेगळी दिसत होती, त्यांची रीत एकच होती. चौथ्याने सूत्र बरोबर लिहिले होते, किमती बरोबर भरल्या होते असे त्याने कच्च्या कागदावर पुन्हा मांडून दाखवले. राहिले होते ते फक्त वर्गमूळ.

येथे पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. राज्य मंडळाच्या बारावीत भौतिकशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते. लेखी परीक्षेत केवळ १० गुण बहुपर्यायी प्रश्नांना आहेत. उरलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहून द्यायची असतात, आणि उदाहरण सोडवताना सूत्र, किमती भरणे, आकडेमोड, उत्तर व एकक अशा टप्प्यांना गुण मिळतात. शेवटचा आकडा चुकला म्हणजे सारे गेले, असे नाही. शिवाय कॅल्क्युलेटरला परवानगी नसते; लॉग टेबल वापरावे लागते. त्यामुळे दशांशात थोडा फरक पडणे स्वाभाविक आहे. केवळ शेवटचे आकडे जुळवणारा विद्यार्थी आपली उत्तरपत्रिका तपासत नाही, आपली भीती वाढवतो.

मग उत्तरे ताडूनच पाहू नयेत काय? असा उपदेश पुष्कळ जण करतात. आम्हांस तो पटत नाही. ज्या घरात वडील अभियंता आहेत किंवा महागडा क्लास लावलेला आहे, तेथे संध्याकाळपर्यंत पूर्ण पेपर कोणीतरी सोडवून देतो. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी विज्ञान शाखेत जाणारे ते पहिलेच असतात. दहावीपर्यंत 'घर्षण' आणि 'त्वरण' शिकलेले मूल अकरावीत अचानक 'फ्रिक्शन' आणि 'अ‍ॅक्सिलरेशन' वाचू लागते. त्याला विचारायला दुसरे कोण आहे? मित्र हाच त्याचा शिकवणीवर्ग. म्हणून ताडून जरूर पाहावे. परंतु 'किती आले' असे न विचारता 'कसे काढलेस' असे विचारावे. आणि ते पुढील पेपर संपल्यावर, शांतपणे करावे.

तिघांचे उत्तर जुळले म्हणून ते बरोबर, हाही भ्रमच आहे. याचे मोठे उदाहरण साऱ्या देशाने पाहिले. ५ मे २०२४ रोजी झालेल्या 'नीट' परीक्षेत भौतिकशास्त्राचा एक प्रश्न अणूविषयी होता. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, या अर्थाचे विधान त्यात होते. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे ते बरोबर ठरत होते. नव्या आवृत्तीप्रमाणे चूक. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, हे तर विज्ञानच सांगते. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही उत्तरांना गुण दिले आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २२ जुलै रोजी न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीला तीन तज्ज्ञ नेमून मत देण्यास सांगितले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एकच उत्तर बरोबर असल्याचे कळवले. जुन्या पुस्तकानुसार उत्तर दिलेल्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे पाच-पाच गुण त्यामुळे कमी झाले: मिळालेले चार गेले आणि चुकीच्या उत्तराचा एक वजा झाला.

केवळ ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मान्य करू नका, हा तथागतांचा कालामांना दिलेला उपदेश आम्ही मुलांना वर्गात सांगतो. या प्रश्नाने त्याचा अर्थ परीक्षेच्या भाषेत समजावला. पण आमच्या मनाला अधिक लागले ते वेगळेच. जुने पुस्तक कोणाच्या हाती असते? मोठ्या भावाचे पुस्तक धाकट्याने वापरावे, ही आपल्या घरांची रीत आहे. माजी विद्यार्थी प्रेमाने शाळेच्या ग्रंथालयास पुस्तके देतात. त्यांना आमची विनंती एवढीच की, देण्यापूर्वी आवृत्तीचे वर्ष पाहावे.

तक्रारीचा मार्गही मुलांना ठाऊक असावा. मंडळाच्या निकालानंतर गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि ती मिळाल्यावर पुनर्मूल्यांकनही मागता येते. 'नीट'सारख्या परीक्षांत अंतिम निकालापूर्वी उत्तरतालिका जाहीर होते आणि ठरावीक मुदतीत, शुल्क भरून, तिच्यावर आक्षेप घेता येतो. मुदत थोडी असते, म्हणून अंगणातल्या चर्चेत हळहळत बसण्यापेक्षा आपले कारण कागदावर मांडणे हिताचे. ज्याने 'कसे काढलेस' हा प्रश्न स्वतःला विचारला आहे, त्यालाच आक्षेप नीट लिहिता येतो.

त्या दुपारी आम्ही प्रश्नपत्रिका घडी करून चौथ्या मुलाच्या दप्तरात ठेवली. चहा झाला. मग त्याच्याच मित्राने विचारले, "केमिस्ट्रीचा कुठला धडा राहिलाय तुझा?" आणि चौघे एकाच घरी अभ्यासाला गेले.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज अभियंते, परिचारिका, शिक्षक आहेत. पुढच्या फेब्रुवारीत आपल्या ओळखीच्या एखाद्या मुलाला पेपरच्या संध्याकाळी फोन करावा. उत्तर किती आले, हे मात्र विचारू नये. जेवलास का, आणि उद्या काय वाचणार आहेस, एवढे विचारले तरी पुरे.