प्रतिकृती रेल्वे: रूळ आणि वायरिंग यांची एकत्र आखणी

प्रतिकृती रेल्वेत रूळ दोन कामे करतात. गाडीला वाट दाखवणे हे एक आणि तिच्या मोटरपर्यंत वीज पोहोचवणे हे दुसरे. त्यामुळे रुळांचा आराखडा हाच विद्युत परिपथाचाही आराखडा असतो. आधी रूळ ठोकायचे आणि वायरिंगचे मागाहून पाहायचे, हे साध्या लंबगोलाकार मार्गाला चालून जाते; त्यापुढे नाही.

येथे एचओ हे प्रचलित प्रमाण घेऊ: १:८७, रुळांमधील अंतर १६.५ मि.मी., १२ व्होल्टपर्यंतचा दिष्ट प्रवाह. (हे अंतर १४३५ मि.मी.च्या स्टँडर्ड गेजवरून आले आहे. आपले १६७६ मि.मी.चे ब्रॉडगेज या प्रमाणात १९.३ मि.मी. भरते. म्हणजे एचओ रुळांवरची भारतीय गाडी जरा अरुंद गेजवरच धावते.)

इंजिनाच्या तोंडाच्या दिशेने पाहता उजवा रूळ धन असेल, तर ते पुढे जाते. ते उचलून उलट तोंडाने ठेवले तरी पूर्वीच्याच बाजूला धावते, फक्त आता मागे मागे. थोडक्यात, दिशा रूळ ठरवतात.

आता परतीचे वळण पाहा. मुख्य मार्ग एका सांध्याशी येतो, तेथून गाडी गोल फिरते आणि त्याच सांध्यातून उलट तोंडाने बाहेर पडते. दिसायला फार देखणे, म्हणून नवशिक्याला मोह होतो. पण डाव्या रुळावर बोट ठेवून वळण पूर्ण केले, तर ते उजव्या रुळाला येऊन मिळते. धन ऋणाला भिडले की शॉर्ट सर्किट. कंट्रोलरमध्ये संरक्षण असेल तर तो बंद पडतो. नसेल तर तारा तापतात.

यावर उपाय असा. वळणाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांत प्लास्टिकच्या जोडपट्ट्या घालून तो भाग विद्युतदृष्ट्या वेगळा करावा. त्याला कंट्रोलरमधून थेट पुरवठा द्यावा आणि मुख्य मार्गाला डीपीडीटी स्विचमधून. गाडी पूर्णपणे वळणात आली की सांधा बदलावा व स्विच उलटवावा. ती न थांबता बाहेर पडते. वळणातून मात्र ती नेहमी एकाच दिशेने फिरेल. वेगळा केलेला भाग गाडीपेक्षा लांब हवा, कारण धातूची चाके खाचेवरून जाताना दोन्ही भाग क्षणभर जोडतात. २५ सें.मी.चे चार डबे आणि इंजिन धरले, तर सव्वा मीटर सहज लागतो.

असे अडचणीचे मार्ग ओळखण्यासाठी कागदावर एक रूळ लाल, दुसरा निळा रंगवावा. लाल निळ्याला मिळेल तेथे खाच हवी. त्रिकोणी जोडमार्गात आणि लंबगोलाला तिरप्या छेदणाऱ्या जोडमार्गातही हाच प्रकार घडतो.

दूरच्या टोकाला गाडी मंदावते, त्याचे कारण तारांचा व जोडपट्ट्यांचा रोध. पाच मीटर लांब, ०.२ चौ. मि.मी. तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन सुमारे ०.८४ ओहम रोध असतो. अर्ध्या अँपिअरला ०.४२ व्होल्ट वाया जातात. १.५ चौ. मि.मी. तारेत हीच घट ०.०६ व्होल्टच्या आत राहते. म्हणून फळीखालून जाड तारांची एक जोडी फिरवावी आणि प्रत्येक दोन-तीन रूळ-तुकड्यांमागे तिच्यातून बारीक तारा वर काढून रुळांना झाळाव्यात. जोडपट्ट्यांच्या भरवशावर राहू नये. त्या गंजतात, सैल होतात. झाळकाम मात्र खडी चिकटवण्यापूर्वी उरकावे.