गोळी, गुठळी आणि दहा हजारांचा हिशेब

गर्भनिरोधक गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० बायकांपैकी वर्षभरात साधारण दोघींच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होते, बहुधा पायाच्या. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे जुनं हार्मोन आणि इस्ट्रोजेन असलेली मिश्र गोळी घेणाऱ्यांत हा आकडा ५ ते ७ आहे. ड्रॉस्पायरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या नव्या गोळ्यांत तो ९ ते १२ होतो. हे युरोपीय औषध नियामकांचे आकडे. अमेरिकी नियामकांच्या तक्त्यात आणखी दोन ओळी आहेत, आणि त्या सहसा कोणी वाचून दाखवत नाही. वर्षाच्याच हिशेबाने गरोदरपणात हे प्रमाण ५ ते २०, तर बाळंतपणानंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत ४० ते ६५.

‘गोळीने गुठळीचा धोका तिप्पट होतो’ हे विधान त्यामुळे खोटं नाही, पण अर्धवट आहे. दोनाची तिप्पट सहा. उरलेल्या ९,९९४ जणींना त्या वर्षी गुठळी होत नाही. झालेल्या दर शंभर गुठळ्यांपैकी एक-दोन जिवावर बेततात.

अर्धवट आकड्याची किंमत ब्रिटनने मोजली आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथल्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की नव्या गोळ्यांमुळे गुठळीचा धोका दुप्पट होतो. प्रत्यक्षातली वाढ होती ७,००० मध्ये एकीवरून ७,००० मध्ये दोघी. पण बातमीत ‘दुप्पट’ एवढंच उरलं आणि असंख्य बायकांनी गोळी सोडून दिली. पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. ज्या गुठळीच्या भीतीने गोळी सोडली, तिचा धोका गरोदरपणात गोळीपेक्षा जास्तच असतो.

आपल्याकडची माला-डी आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन या दोन्हींत तेच जुनं लेव्होनॉर्जेस्ट्रेल आहे: ०.१५ मिलिग्रॅम, सोबत ०.०३ मिलिग्रॅम इस्ट्रोजेन. पाकिटातल्या २८ पैकी २१ गोळ्या हार्मोनच्या, ७ लोहाच्या. स्वस्त म्हणून जिला नाकं मुरडली जातात ती गोळी गुठळीच्या तक्त्यात महागड्यांपेक्षा बरी ठरते, हे मला या सगळ्या आकडेमोडीतलं सर्वांत मजेशीर वाटतं. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहितांपैकी फक्त ५.१ टक्के गोळी घेत होत्या. ३७.९ टक्क्यांचं ऑपरेशन झालं होतं. नसबंदी केलेले नवरे ०.३ टक्के!

कॅन्सरच्या बाबतीत जमेची आणि खर्चाची बाजू दोन्ही आहेत. डेन्मार्कमधल्या १८ लाख स्त्रियांच्या २०१७ च्या अभ्यासात हार्मोनची गर्भनिरोधकं वापरणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर २० टक्क्यांनी जास्त आढळला. म्हणजे वर्षाला ७,६९० जणींमागे एक जादा रुग्ण, आणि पस्तिशीच्या आत ५०,००० मागे एक. उलट गोळी पाच वर्षं घेतली तर अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका सुमारे पाचव्या हिश्शाने आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा चौथ्या हिश्शाने घटतो. गोळी थांबवल्यावर हे संरक्षण दशकानुदशकं टिकतं. स्तनाच्या कॅन्सरचा वाढीव धोका मात्र हळूहळू ओसरतो.

मळमळ, अधूनमधून डाग पडणं, मन उदास होणं या तक्रारी अनेकींना होतात. ‘होतं असं’ म्हणून त्या झटकून टाकू नयेत. गोळी बदलता येते. आणि गोळी विसरली तर तिचा उपयोग कमी होतो. नेमाने घेतली तर वर्षभरात हजारात तिघींना दिवस राहतात. प्रत्यक्षातल्या विसराळू वापरात शंभरात सात जणींना.

हे सगळे आकडे सरासरीचे. तुमचा रक्तदाब १४०/९० च्या वर असेल, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी उठत असेल, आधी गुठळी झालेली असेल किंवा पस्तिशीनंतर सिगारेट-बिडी ओढत असाल, तर धोक्याचं गणित बदलतं आणि इस्ट्रोजेनची गोळी तुमच्यासाठी नाही. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईनेही पहिले सहा महिने ती टाळावी. लखनौच्या संशोधन संस्थेत घडलेली, हार्मोन नसलेली ‘छाया’ किंवा तांबी हे पर्याय आहेत. टीबीच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनमुळे तर गोळीचा परिणामच कमी होतो.

गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून आणली जाणारी गोळी याच हिशेबात धरायला हवी. त्यात नॉरएथिस्टेरॉन असतं, ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. या मात्रेतला थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि तो साधारण एका मिश्र गोळीइतका भरतो. चार दिवसांची तर गोष्ट, असं म्हणून कुणी रक्तदाब मोजत नाही. शिवाय ही गोळी गर्भ रोखण्यासाठी नसते, हेही बऱ्याचदा सांगायचं राहून जातं.

तेव्हा कोणतीही गोळी सुरू करण्याआधी रक्तदाब मोजून घ्या. आरोग्य केंद्रात ते दोन मिनिटांचं काम आहे. चालू औषधं, अर्धशिशी, घरात कुणाला झालेली गुठळी, हे कुणी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. आणि गोळी चालू असताना एकच पाय सुजून पोटरी दुखू लागली किंवा अचानक धाप लागून छातीत दुखलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठा.