तापला की भारित होणारा खडा

सोसायटीच्या जिन्यात पाऊल टाकलं की दिवा लागतो. तिथेच पायरीवर कुणी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं, की थोड्या वेळात तो विझतो आणि अंधारात हात हलवावा लागतो. अंगातली ऊब तर कुठे गेलेली नसते. मग सेन्सरला माणूस दिसेनासा का होतो?

उत्तर एका जुन्या खड्यात आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी सिलोनहून टूरमलीनचे खडे युरोपात नेले. तापलेल्या खड्याला राख चिकटते, म्हणून त्याला ‘राख ओढणारा’ असंच नाव पडलं. हा खडा पक्का विद्युतरोधक. त्यातून वीज वाहत नाही. तरीही तापवल्यावर त्याच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण भार येतो, हे शास्त्रज्ञ एपिनुस यांनी १७५६ मध्ये दाखवलं. हे डोळ्यांनीही पाहता येतं. गंधक आणि शेंदराची पूड मलमलीतून गाळून खड्यावर भुरभुरवली, की पिवळा गंधक धन टोकाला बसतो, शेंदूर ऋण टोकाला. गाळताना घासल्यामुळे पुडीलाच भार आलेला असतो, ही यातली खरी गंमत.

या स्फटिकाच्या रचनेतच धन आणि ऋण भारांची केंद्रं एकमेकांपासून किंचित सरकलेली असतात. एरवी ते जाणवत नाही, कारण हवेतले सुटे भार पृष्ठभागावर येऊन हिशेब मिटवतात. खडा तापला की केंद्रांमधलं अंतर बदलतं, जुना हिशेब चुकतो आणि टोकांवरचा भार उघडा पडतो. तापमान स्थिरावलं की हळूहळू पुन्हा मिटवामिटव. खडा थंड होताना टोकांची चिन्हं उलटतात. म्हणजे खडा किती तापलाय याला महत्त्व नाही. तापमान बदलतंय का, एवढंच त्याला कळतं.

जिन्यातल्या सेन्सरमध्ये याच जातीच्या पदार्थाचे, उदाहरणार्थ लिथियम टँटॅलेटचे, दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. सगळा जिनाच तापला तर दोघांचे संकेत एकमेकांना मारतात. चालणाऱ्या माणसाची ऊब मात्र आधी एकावर पडते, मग दुसऱ्यावर, आणि दिवा लागतो. स्थिर बसलेला माणूस सेन्सरच्या लेखी भिंतच.

मे महिन्यात नागपूरकडे हा सेन्सर आणखी मंद वाटला, तर लगेच इलेक्ट्रिशियनला बोलावू नका. भिंतीच अंगाइतक्या तापलेल्या असतात. माणूस आणि भिंत यांत फरकच उरत नाही.