स्तनांची तपासणी : कोणत्या वयात कोणती?



१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. होड्या काठावर आल्या की आपण इंजिन उघडतो, जाळी विणतो, फळ्या बदलतो. याच दोन महिन्यांत घरातल्या बायकांनी स्वतःच्या तब्येतीकडेही बघावं, म्हणून हा लेख. पुरुष सभासदांनीही वाचावा आणि घरी वाचून दाखवावा. यात लाजण्यासारखं काही नाही.

आपल्याकडे दोन टोकं दिसतात. कुणी पंचविशीतल्या मुलीला पॅकेजमध्ये मॅमोग्राफी करून आणतं. आणि साठीची आई, जी रोज पहाटे पाटी घेऊन बाजारात जाते, तिची मात्र कधीच तपासणी होत नाही. खरं तर उलट व्हायला हवं.

आधी एक फरक समजून घ्या. काही त्रास नसताना करतात ती तपासणी, म्हणजे इंजिनचं सर्व्हिसिंग. पण इंजिनातून धूर यायला लागला तर सर्व्हिसिंगची तारीख बघत कुणी बसत नाही. तसंच स्तनात किंवा काखेत गाठ, कातडी आत ओढल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी, बोंड अचानक आत गेलेलं, त्यातून रक्त येणं, असं काही दिसलं तर वय कितीही असो, लगेच डॉक्टरकडे जा. "दुखत नाही, मग काय होतंय" असं म्हणू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. आणि घाबरूही नका, बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात.

आता त्रास नसताना काय करायचं ते वयाप्रमाणे सांगतो.

२० ते २९ वर्षं : मशीनची गरज नाही. या वयात स्तन घट्ट असतात, त्यामुळे मॅमोग्राफीत (म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत) नीट दिसत नाही. आपलं शरीर नेहमी कसं असतं ते माहीत असावं, म्हणजे बदल लगेच कळतो. पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी हात लावून बघणं सोपं जातं.

३० ते ३९ : सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षांच्या बायकांची स्तनांची तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते. शिकलेली नर्स किंवा डॉक्टर हातानं तपासते. आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा.

४० ते ४९ : हातानं तपासणी चालू ठेवा. मॅमोग्राफीचा उपयोग इथून सुरू होतो, पण गाठ नसताना संशय येऊन पुढच्या तपासण्या कराव्या लागण्याचं प्रमाणही या वयात जास्त. म्हणून डॉक्टरशी बोलून ठरवा. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं २०२४ मध्ये ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुचवली आहे.

५० च्या पुढे : सगळ्यात जास्त फायदा याच वयात. दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करता आली तर उत्तम. ती जमत नसेल तर हाताची तपासणी तरी चुकवू नका. मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांना आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासलं. पन्नाशीपुढच्या गटात स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही.

७५ नंतर : बाकीची तब्येत बघून डॉक्टरच्या सल्ल्यानं ठरवा.

आई, बहीण किंवा मुलीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर वरचा हिशोब लागू नाही. अशा घरात तपासणी लवकर सुरू होते आणि कधी एमआरआयही लागतो. डॉक्टरला कुणाला, कितव्या वर्षी झाला, ते सांगा. बापाकडच्या आत्या-आजीचं सांगायला विसरू नका, तेही तितकंच महत्त्वाचं.

पॅकेजमधल्या रक्ताच्या "ट्यूमर मार्कर" तपासणीवर पैसे घालू नका. निरोगी बाईत कॅन्सर शोधायला ती उपयोगाची नाही.

तपासणीत संशय आला तर आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत जा. तिथून परत आल्यावर रिपोर्ट फाईलमध्ये लावून ठेवा, पुढच्या वेळी तोच कामी येतो.

होडीमालकांना आमची विनंती : खलाशांच्या घरच्या बायकांनाही हे कळवा. मासळी विकणाऱ्या भगिनींनो, एक सकाळ बाजार चुकला तर चालेल. बंदी उठायच्या आत जाऊन या.

सचिव, आपली संस्था