अकिहाबारा : पुलाखालच्या रेडिओपासून काचेतल्या बाहुल्यांपर्यंत

जपानला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या यादीत फुजी पर्वत आणि क्योटोच्या जोडीला हल्ली अकिहाबाराही असतं. हे नाव बहुधा घरातल्या सर्वांत धाकट्याने घुसवलेलं असतं. टोकियोतल्या या भागात पोचल्यावर डोरेमॉन, ड्रॅगन बॉल बघत वाढलेली मुलं हरखून जातात आणि आईवडील मात्र उंच इमारतींवरची चित्रं बघत ‘यात बघायचं काय?’ अशा चेहऱ्याने उभे राहतात. बघायचं पुष्कळ आहे, फक्त बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात.

स्थानकातून ‘इलेक्ट्रिक टाउन’ लिहिलेल्या दाराने बाहेर पडा आणि झगमगाटाकडे न जाता आधी रेल्वेच्या पुलाखाली शिरा. तिथे ‘रेडिओ सेंटर’ नावाचा जुना बाजार आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागेल एवढ्याच रुंदीचे बोळ आणि दोन्ही बाजूंना टीचभर गाळे. लहान लहान खणांत स्विच, तारा, रेझिस्टर, व्हॉल्व्ह रंगानुसार, मापानुसार लावलेले आणि या पसाऱ्याच्या मधोमध जेमतेम मावलेला दुकानदार. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग शोधलेल्या माणसाला इथे लगेच घरच्यासारखं वाटेल. डोक्यावरून गाडी गेली की धडधड ऐकू येते, पण मान वर करून कुणी बघत नाही.

या परिसराची गोष्ट इथूनच सुरू होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जवळच्या रस्त्यांवर रेडिओच्या सुट्या भागांचा काळा बाजार भरू लागला. जवळपासच्या इलेक्ट्रिकल कॉलेजातली मुलं ते भाग घेऊन रेडिओ जोडत आणि विकत. १९४९मध्ये अमेरिकी लष्करी प्रशासनाने रस्त्यावरचे ठेले हटवण्याचा हुकूम काढला, तेव्हा त्या विक्रेत्यांना पुलाखाली जागा मिळाली. पुढे रेडिओची जागा टीव्ही-फ्रिजने घेतली. १९७६मध्ये ‘रेडिओ काइकान’ या इमारतीत एनईसी कंपनीने हौशी लोकांसाठी संगणक केंद्र उघडलं आणि संगणक जोडणारी पोरं इथे पडीक राहू लागली. याच पोरांना ॲनिमे (जपानी कार्टूनपट), मांगा (चित्रकथा) आणि व्हिडिओ गेमचंही वेड होतं. घरगुती उपकरणांचं गिऱ्हाईक उपनगरांतल्या मोठ्या दुकानांकडे वळलं, तेव्हा रिकाम्या मजल्यांवर ही दुनिया हळूहळू वर चढली. माल बदलत गेला, गिऱ्हाईक मात्र तेच राहिलं : इतरत्र न मिळणाऱ्या वस्तूसाठी वाटेल तेवढे जिने चढणारा हौशी माणूस.

रेडिओ काइकानची आजची इमारत २०१४ची आहे. तिच्यात वेळ काढून बघावीत ती भाड्याच्या काचपेट्यांची दुकानं. भिंतभर क्रमांक टाकलेले काचेचे कप्पे असतात आणि एकेक कप्पा कुणीतरी सामान्य माणसाने भाड्याने घेतलेला असतो. एकात नुसते जुने रोबो, दुसऱ्यात पोकेमॉनचे पत्ते, तिसऱ्यात हाताच्या बोटाएवढ्या बाहुल्या, प्रत्येकीसमोर बारीक अक्षरातली किंमत. खोक्याचा कोपरा चेमटला असेल तर तेही लिहून ठेवतात. हवं ते सांगितलं की कर्मचारी किल्ली घेऊन येतो. मालक कोण ते कळत नाही, पण कप्पा बघून त्याचा स्वभाव ओळखता येतो. हौसेला मोल नाही म्हणतात. इथे त्याचीही चिठ्ठी लावलेली आहे.

मोलकरणीच्या वेशातल्या मुली जिथे वाढतात त्या मेड कॅफेचं कुतूहल सगळ्यांना असतं. एकदा जायला हरकत नाही, पण प्रवेशशुल्क, वेळेची मर्यादा आणि प्रत्येकी किमान एक पदार्थ घेण्याची अट आधी वाचून घ्या. तिथल्या मुलींचे फोटो परस्पर काढता येत नाहीत. जेवणासाठी म्हणून जाणार असाल तर पैसे वाया जातील.

आता थोडं व्यवहाराचं. बहुतेक दुकानं दहा-अकरानंतर उघडतात, त्यामुळे सकाळ जवळच्या कान्दा म्योजिन या देवळासाठी ठेवा. संगणक आणि माहितीच्या रक्षणासाठीचा ताईत तिथे मिळतो. रविवारी दुपारी चुओ-दोरी हा हमरस्ता वाहनांना बंद करतात, तेव्हा चालण्याची मजा वेगळीच. नाणं टाकलं की खेळण्याची डबी देणाऱ्या गाचापोनच्या यंत्रांसाठी शंभर येनची नाणी खिशात असू द्या. जपानचा विद्युतदाब १०० व्होल्ट आणि आपला २३०, तेव्हा तिथल्या बाजारासाठी बनलेला राइस कुकर मोहाने उचलू नका. करमाफीसाठी पासपोर्ट जवळ हवाच. १ नोव्हेंबर २०२६पासून दुकानात पूर्ण किंमत भरून कर परतावा देश सोडताना मिळेल, हेही ध्यानात ठेवा. मुलं बरोबर असतील तर जिन्याजवळची मजल्यांची पाटी आधी वाचा, कारण काही दुकानांचे वरचे मजले फक्त प्रौढांसाठी आहेत. शाकाहारी मंडळींनी सूप दिसायला साधं असलं तरी विचारूनच घ्यावं, त्यात माशाचा अर्क असण्याचीच शक्यता जास्त.

खरेदी मात्र इथेच उरकू नका. अकिहाबाराहून पिवळ्या पट्ट्याची सोबू मार्गाची गाडी साधारण वीस मिनिटांत थेट नाकानोला नेते. तिथलं १९६६चं ‘नाकानो ब्रॉडवे’ म्हणजे खाली दुकानं, वर राहती घरं. तळघरात भाजी-मासळी, त्यावरच्या दुकानांच्या मजल्यांवर जुने मांगा, खेळणी आणि घड्याळं. जुन्या मांगांचं प्रसिद्ध दुकान ‘मांदाराके’ १९८०मध्ये इथेच सुरू झालं आणि आज त्याच इमारतीत विषयवार अनेक गाळ्यांत पसरलं आहे. गर्दी कमी, गोंगाट कमी, आणि गल्ल्यावरचा माणूसही आपल्याच वेडाचा. छोटी दुकानं दुपारी बारानंतर उघडतात आणि बरीचशी बुधवारी बंद असतात. तेव्हा बुधवार सोडून जा, आणि बॅगेत थोडी जागा मोकळी ठेवा.