'संशोधनात सिद्ध झाले' म्हणजे नेमके काय?

वॉर्डमध्ये परिचारिकेचा पहिला नियम असतो: चार्टवर नोंद नाही, तर इंजेक्शन दिलेच नाही. कोणत्या रुग्णाला कोणते औषध, किती वाजता, कोणी दिले, हे सही करून लिहावे लागते. राउंडला आलेले डॉक्टर आधी चार्ट मागतात. "मी सांगते ना, दिले आहे," एवढ्यावर तिथे कोणी भागवत नाही.

मग ज्या संशोधनावरून हे औषध द्यायचे असे ठरते, त्या संशोधनाचा चार्ट कोण मागतो? 'परदेशी जर्नलमध्ये छापून आले आहे' असे वाचले की आपण मान डोलावतो. पण छापून येणे वेगळे आणि तपासले जाणे वेगळे. २०२० साली हा फरक साऱ्या जगाला दिसला.

कोरोनाचे पहिले महिने आठवा. मलेरिया आणि संधिवातासाठी जुन्या काळापासून वापरात असलेली हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही गोळी कोरोनावर चालेल, अशी आशा निर्माण झाली होती. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने कोरोना रुग्णांची सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ती प्रतिबंधक म्हणून घेण्याचा सल्ला दिला: पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, मग सात आठवडे आठवड्यातून एकदा. म्हणजे ही चर्चा परिचारिका आणि वॉर्डबॉय यांच्या पोटात जाणाऱ्या गोळीची होती.

२२ मे २०२० रोजी 'द लॅन्सेट' या ब्रिटनच्या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये एक शोधनिबंध आला. सहा खंडांतील ६७१ रुग्णालये आणि ९६,०३२ रुग्ण यांची माहिती तपासली, असे त्यात म्हटले होते. निष्कर्ष असा, की ही गोळी दिलेल्या रुग्णांमध्ये मृत्यू आणि हृदयाचे ठोके बिघडण्याचे प्रमाण जास्त आहे. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील या औषधाचा भाग थांबवला. फ्रान्सने कोरोनासाठी त्याच्या वापराची परवानगी काढून घेतली. आयसीएमआरने मात्र आपला सल्ला कायम ठेवला.

निबंध वाचणाऱ्या काही संशोधकांना आकडे खटकले. ऑस्ट्रेलियातील ७३ मृत्यू त्यात मोजले होते, पण त्या तारखेपर्यंत त्या देशात जाहीर झालेले एकूण मृत्यूच ६७ होते! शंभराहून अधिक संशोधकांनी जाहीर पत्र लिहून विचारले: ही रुग्णालये कोणती? मूळ नोंदी कुठे आहेत?

सगळी माहिती सर्जिस्फिअर नावाच्या एका छोट्या अमेरिकन कंपनीकडून आली होती आणि कंपनीचा प्रमुख हाच निबंधाच्या चार लेखकांपैकी एक होता. बाकीच्या तिघांनी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करायची ठरवली, तेव्हा रुग्णालयांशी झालेल्या कराराचे कारण देऊन कंपनीने मूळ माहिती द्यायला नकार दिला. ४ जून रोजी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, निबंध मागे घेण्यात आला. याच कंपनीच्या माहितीवर आधारलेला दुसरा एक निबंध अमेरिकेच्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'नेही त्याच दिवशी मागे घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने आपली चाचणी आदल्याच दिवशी पुन्हा सुरू केली होती.

कोणी म्हणेल, छापण्याआधी तज्ज्ञ निबंध तपासतात ना? तपासतात. याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. पण हे तज्ज्ञ बहुतेक वेळा लिहून आलेला निबंधच वाचतात, त्यामागचे केसपेपर त्यांच्यासमोर नसतात. मांडणी नीट असेल, तक्ते जुळत असतील, तर माहिती मुळात खरी आहे का हे त्यांना कळायला मार्ग राहत नाही.

आणखी एक गोष्ट इथे स्पष्ट होते. लॅन्सेटने कोरोनाविषयीचे लेख सर्वांना मोफत वाचायला ठेवले होते. पैसे न भरता वाचता येणे गरजेचे आहेच, पण लेख खुला असला तरी त्यामागची माहिती बंद असू शकते. 'खुले विज्ञान' म्हणतात ते दोन्ही उघडे असेल तेव्हा.

गोळीचे शेवटी काय झाले? ब्रिटनमध्ये रिकव्हरी नावाची मोठी चाचणी चालू होती. तिची नोंदणी आणि आराखडा जाहीर होता. कोणाला गोळी द्यायची हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरत होते. गोळी मिळालेल्या १,५६१ रुग्णांपैकी २७ टक्के २८ दिवसांत दगावले, तर न मिळालेल्या ३,१५५ पैकी २५ टक्के. दाखल रुग्णांना गोळीचा फायदा नाही, हे ठरले. म्हणजे 'उपयोग नाही' हे लॅन्सेटमधल्या निबंधाचे म्हणणे खरे निघाले का? नाही. ज्याच्या नोंदी दाखवता येत नाहीत, तो निष्कर्ष योगायोगाने जुळला तरी पुरावा ठरत नाही. चार्ट न पाहता सांगितलेला ताप बरोबर निघाला, तरी तशी सवय वॉर्डला परवडत नाही.

यावर उपाय म्हणून काही नियम तयार झाले आहेत. २०१५ साली अनेक संशोधक आणि संपादकांनी मिळून जर्नलांसाठी पारदर्शकतेचे आठ निकष मांडले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'टॉप' म्हणतात. त्यात तीन पायऱ्या आहेत. पहिली: माहिती उपलब्ध आहे की नाही, ते निबंधात सांगा. दुसरी: ती विश्वासाच्या ठिकाणी जमा करा. तिसरी: छापण्याआधी दुसऱ्या कोणीतरी तीच माहिती घेऊन तेच उत्तर येते का ते पाहावे. रुग्णाचे नाव-गाव काढूनच ही माहिती द्यायची असते, हे विसरू नये. लॅन्सेटनेही सप्टेंबर २०२० मध्ये नियम बदलला: एकाहून अधिक लेखकांनी मूळ माहिती स्वतः पाहून पडताळलेली हवी. वॉर्डमध्ये मॉर्फिनच्या रजिस्टरवर दोघींच्या सह्या लागतात, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा उपाय आधी नोंदणीचा. दहावीला उत्तम पाच विषयांची टक्केवारी धरतात, पण तो नियम आधीच जाहीर असतो आणि सहाव्या विषयाचे गुणही गुणपत्रिकेवर दिसतात. औषधाच्या चाचणीत मात्र दहा गोष्टी मोजून चांगल्या दिसणाऱ्या दोनच छापल्या, तर आपल्याला कळणार कसे? म्हणून काय मोजणार हे चाचणी सुरू होण्याआधी लिहून द्यायचे. प्रमुख वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी २००५ पासून नोंदणी नसलेल्या चाचण्या छापायच्या नाहीत असे ठरवले. भारतात सीटीआरआय ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून औषध चाचण्यांना ती सक्तीची झाली. ती इंटरनेटवर कोणालाही मोफत पाहता येते.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणारे आपले लोक चाचण्यांमध्ये घेतले जातात. तुम्हाला किंवा घरच्यांना कोणी 'अभ्यासात भाग घ्या' म्हणाले, तर एवढे विचारा:

१. चाचणीचा सीटीआरआय क्रमांक काय?
२. नैतिक समितीची मंजुरी आहे का?
३. पैसे कोण देत आहे?
४. निकाल काहीही आला तरी छापणार का, आणि आम्हाला सांगणार का?

माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मागून घ्या. २०१९ च्या नियमांनुसार ती देणे बंधनकारक आहे. वाचता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींना सोबत न्या. भाग घ्यायला 'नाही' म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

आणि मोबाईलवर 'संशोधनात सिद्ध झाले' असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी पाहा: कोणते जर्नल, किती माणसांवर, मूळ माहिती कोणी पाहिली, निबंध नंतर मागे तर घेतला नाही ना? उत्तर मिळाले नाही तर चालू गोळी स्वतःहून बंद करू नका आणि नवी सुरूही करू नका. आधी डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला विचारा.